आबांच्या टेबलावरचा चुरा

४ ऑक्टोबर

धाकटे,

पार्सल हातात पडलं की आधी बरणी उघड, पत्र मागाहून वाच. आबांसाठी माझा वाळवलेल्या पाल्याचा चुरा पाठवलाय. सूपवर टाक, उकडलेल्या बटाट्यावर टाक, अंड्यावर टाक, पण टाक. भाऊजी ह्यांना फोनवर सांगत होते की आबा ताट सरकवून देतात. देणारच! माझ्या चुऱ्याशिवाय ज्या माणसाने ब्रेडचा तुकडा मोडला नाही, त्याच्यापुढे तू दवाखान्यातलं मिळमिळीत ठेवणार, मग सासरे काय टाळ्या वाजवतील?

आणि फोन करू नकोस. फोनवर तुझा आवाज आला की मला भांडण सुचतं. पत्रात निदान माझी ओळ संपेपर्यंत तू गप्प बसतेस.

आबांना तुमच्याकडे नेऊन महिना झाला. तुमच्या इमारतीला लिफ्ट आहे, हॉस्पिटल कोपऱ्यावर आहे, अर्धांगाच्या झटक्यानंतर इथला जिना त्यांना झेपणार नव्हता. सगळं पटतं गं मला. दोघा भावांनी ठरवलं, मी मान डोलावली. पण घरात माझा पाय ठरत नाही. चहाला आधण ठेवते ते तिघांचं. हे ऑफिसला गेले की मी ह्या खोलीतून त्या खोलीत, त्या खोलीतून ह्या खोलीत. बसले की उठावंसं वाटतं आणि उठले की कशाला उठले ते आठवत नाही.

शेवटी काहीतरी हवं म्हणून आबांची शिवणाची खोली काढली. मशीनला तेल दिलं, खडूचे तुकडे गोळा केले, चिंध्यांची दोन गाठोडी बांधली. इस्त्री करताना कापडावर घालायची त्यांची मलमलीची फडकी सापडली, सगळी हिरवी डागाळलेली! ह्यावरून मी त्यांच्याशी किती भांडलेय. माझा पाला त्यांच्या कटिंगच्या टेबलावर वाळतो हे खरं, घरात तेवढं मोठं टेबल दुसरं नाही. पण पाल्याखाली घालायला मी वेगळी चादर दिली होती ना! चांगली फडकी कशाला वापरायची? म्हणायचे, ‘हं.’ हा हं ऐकून माझे केस पांढरे झाले. तर ती फडकी सोड्यात उकळून पांढरीशुभ्र केली. त्यांची ती धोंड्यासारखी जड इस्त्री खोलीच्या दाराला लावून ठेवलीय, वाऱ्याने दार आपटतं म्हणून.

खोली आता अशी लखलखीत झालीय की तिच्यात पाऊल टाकवत नाही.

आबांनी चुरा खाल्ला की लगेच कळव. लगेच म्हणजे लगेच.

थोरली

---

१२ ऑक्टोबर

ताई,

तुम्हाला माहीतच आहे मी पत्र कुठे बसून लिहिते ते, क्लिनिकच्या काउंटरवर. आत डेंटिस्टसाहेब एका आडदांड माणसाची दाढ काढतायत आणि तो लहान मुलासारखा ओरडतोय. बाहेर रांगेतले तिघे उठून पळायच्या बेतात आहेत. त्यांना हसून दाखवता दाखवता लिहितेय, तेव्हा अक्षराला हसू नका.

बरणी मिळाली. उघडल्या उघडल्या आबांचे डोळे लकाकले, खरंच. डावा हात पुढे केला, उजवा अजून उचलत नाही. मी बटाट्यावर भरपूर भुरभुरला. पहिला घास घेतला, चावला, माझ्याकडे पाहिलं आणि रुमालात काढून टाकला. मग ताट सरकवलं. रागाने नाही हो. उदास होऊन. तेच मला जास्त लागलं.

ताई, हा चुरा नेहमीचाच आहे ना? मी चाखला. मला वाळक्या गवतासारखा लागला. माझी जीभ म्हणजे काही तराजू नाही, पण लग्नानंतर तुमच्या घरी काढलेल्या वर्षात मी जो खायचे तो असा नव्हता.

काळजी वाटते. पँट कमरेला इतकी सैल झालीय की काल आबांनी स्वतःच कंबरेवर चिमटीत कापड धरून मला दाखवलं, गिऱ्हाईकाला दाखवतात तसं, की एवढं आत घ्यावं लागेल. आम्ही दोघं हसलो. मग बाथरूममध्ये जाऊन मी नळ सोडून रडले. हॉस्पिटलचे डॉक्टर म्हणतात, पुढच्या तपासणीपर्यंत वजन असंच उतरत राहिलं तर ॲडमिट करून नाकातून नळीने अन्न द्यावं लागेल. आबांच्या समोर म्हणाले! ‘त्यांना कळतंय सगळं,’ मी म्हटलं, तर म्हणे, ‘उत्तमच.’

आणखी एक. बोलणं तर ‘हं’ आणि ‘नको’ एवढ्यावरच आहे. पण जेवायला बसवलं की डाव्या हाताची मूठ वळून टेबलावर पुढे-मागे, पुढे-मागे घासत राहतात. मला वाटतं टेबल पुसायला सांगतात. मी पुसते. पुन्हा तेच. पुन्हा पुसते. आता टेबलाचं पॉलिश जायला लागलंय आणि माझं डोकंही. तुम्हाला काही उमगतं का?

बोलावलंय आत. पैलवान सुटला वाटतं.

तुमची धाकटी

---

१७ ऑक्टोबर

धाकटे,

वाळकं गवत! वा! इतक्या वर्षांत हे कौतुक राहिलंच होतं.

पाला तोच, हात तोच, टेबल तेच. मग बदललं काय? तुझं स्वयंपाकघर! काडेपेटीएवढी जागा, खिडकी उघडली की समोर भिंत. कुकरशेजारीच ठेवली असशील बरणी. वाळवलेल्या पाल्याला वाफ म्हणजे विष. नाचता येईना अंगण वाकडं, तशी गत तुझी.

दुसरी बरणी पाठवतेय. ही कपाटात कपड्यांच्या मागे ठेव. आणि माझ्यावर एवढा अविश्वास असेल तर घे, स्वतःच करून बघ. लपवण्यासारखं त्यात काही नाही. पुदिना, शेपू, लसणीची पात, थोडी रोझमेरी. धुवून, निथळून, कोरड्या कापडाने टिपून चादरीवर विरळ पसरायचं. ऊन लागू द्यायचं नाही, रंग उडतो. पानं कुरकुरीत झाली की काड्या काढून हाताने चुरायची, मिक्सरला लावशील तर बघ! मग वाळलेली लिंबाची साल, भरड मिरी आणि जाडं मीठ. झालं. एवढंच माझ्या आईने मला शिकवलं आणि एवढंच मी करत आले.

बाकी हाताचा गुण असतो, तो पत्रातून पाठवता येत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हाची गोष्ट सांगते. माहेरच्या चुऱ्याची इतकी फुशारकी मारली होती की सासूबाई म्हणाल्या, ‘बघू तरी.’ पसरला आबांच्या टेबलावर. माझ्या माहेरची हवा कोरडी, इथली दमट. पानं मऊ पडली, कडेने काळी व्हायला लागली. मी तिथेच उभी राहून रडले. आबा मशीनवर होते. म्हणाले, ‘जा. सकाळी बघू.’ सकाळी जाते तर पानं हिरवीगार, बोटात धरली की चुरचुर! सासूबाईंनी चिमूट तोंडात टाकली आणि शेजारणीला हाक मारून दिली. ह्याला म्हणतात हाताला यश.

मुठीचं म्हणशील, तर तुला काय कळणार. ते मला बोलावतात. शिवणाच्या खोलीत चहा हवा झाला की टेबलावर मूठ आपटायचे, हाक मारायचा कंटाळा. इथे आणून सोडा म्हणतायत, दुसरं काय? भाऊजींना सांग.

इथे तीन दिवस ढग आहेत. काही वाळत नाही, माझ्या साड्यासुद्धा.

थोरली

---

२६ ऑक्टोबर

ताई,

आधी भांडण, मग खुशाली. तशी खुशालीही फार नाही.

तुमची दुसरी बरणी उघडली आणि ओल्या पोत्याचा वास आला. तळाशी पानं एकमेकांना चिकटलेली, काळी. ह्याला माझ्या कुकरची वाफ लागली नाही, पार्सल मी क्लिनिकमध्ये उघडलं. डेंटिस्टसाहेब म्हणाले, ‘औषधी आहे का काही?’ ताई, झाडलोट भरून पाठवलीत का?

मग तुमच्या पत्राबरहुकूम मीच केला. मंडईतून पाला आणला, धुतला, टिपला, पंख्याखाली पसरला. तुमच्या शब्दाबाहेर गेले नाही. चौथ्या दिवशी पुदिना काळा, शेपूची दोरी. आबा टेबलापाशी बसून ते पाहत होते आणि मूठ घासत होते, इतक्या जोरात की बोटांची सालं निघाली. मी ओरडले त्यांच्यावर. ‘पुसलंय हो टेबल, किती पुसू?’ आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यावर ओरडले. त्यांनी हात मांडीवर ठेवला आणि भिंतीकडे पाहत बसले. दिवसभर पाणीसुद्धा घेतलं नाही.

आता जे लिहितेय ते लिहू नये, पण मला बसवत नाही आणि उठवत नाही अशी माझी अवस्था आहे. तुम्हाला आबा परत हवेत. ‘इथे आणून सोडा म्हणतायत’ हे वाचून माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांनी इथे जेवू नये, म्हणजे दोघे भाऊ कंटाळून त्यांना तुमच्याकडे पोचवतील. म्हणून खरा चुरा ठेवून घेता आणि असला पाठवता, होय ना? कृतीसुद्धा अर्धीच सांगितलीत. काहीतरी आहे जे तुम्ही गाळलंत.

चौदा नोव्हेंबरला तपासणी आहे. त्यानंतर नळी. तुम्हाला आबा हवे असतील तर या आणि घेऊन जा, मी बॅग भरून देईन. पण उपाशी नका मारू त्यांना.

धाकटी

---

२ नोव्हेंबर

धाकटे,

तुझं पत्र आलं त्या दिवसापासून रोज कागद घेते आणि ठेवते. ह्यांनी विचारलं, ‘काय लिहिलंय तिने?’ मी म्हटलं, ‘हवापाणी.’

तू मला इतकी नीच समजलीस, हे मी चारदा वाचलं. तुझ्या जागी मी असते तर मीही हेच लिहिलं असतं, ह्याहून वाईट लिहिलं असतं. म्हणून तुला दोष देत नाही. पण ऐक.

मी काहीही गाळलेलं नाही. मला येत नाही गं आता. चुरा जमत नाही.

पहिली बरणी भरली तेव्हाच मला शंका आली होती. स्वतःला म्हटलं, सर्दी झालीय, वास कळत नाही. दुसरी तर डोळे मिटून भरली, तुझ्यापुढे नाक कापून घ्यायला नको म्हणून. त्यानंतर तीन वेळा केला. खिडकी उघडून, खिडकी लावून. पाला धुवून, न धुता. मंडईतला भाजीवाला म्हणतो, ‘बाई, बकरी पाळली का?’ प्रत्येक वेळी तेच. मऊ, मग काळं, मग उकिरड्यात.

त्याच टेबलावर, त्याच चादरीवर! रोज सकाळी जाऊन बघते, दुपारी बघते, हे झोपले की पुन्हा बघते. पानांवर हात ठेवून उभी राहते, वेड्यासारखी. माझ्या हाताचं जे काही होतं ते गेलं. कधी गेलं, कुठे गेलं, कळलंसुद्धा नाही. दुसरं मला काय येतं सांग? पोळपाट-लाटणं सगळ्यांनाच येतं. लोक मला चुऱ्यासाठी ओळखायचे. आबा म्हणायचे, ‘थोरलीच्या हाताला तोड नाही.’ एवढं एकच वाक्य ते पुरं बोलायचे.

आबांना मी न्यायला येणार नाही. आणून त्यांच्यापुढे वाढू काय? तू जवळ आहेस, तूच काहीतरी कर. माझ्यावर ओरड, पण त्यांच्यावर ओरडू नकोस.

थोरली

---

९ नोव्हेंबर

ताई, ताई, ताई,

खाली बसून वाचा. नाही, तुम्ही बसणार नाही, उभ्यानेच वाचा.

काल सुट्टी होती. इस्त्रीचं टेबल आमच्याकडे नाही, म्हणून जेवणाच्या टेबलावरच चादर घालून मी क्लिनिकचा कोट इस्त्रीला घेतला. तुमचं पत्र वाचल्यापासून मीही पुन्हा पाला आणला होता. तो दुसऱ्या टोकाला पसरलेला, अर्धवट सुकून मऊ पडलेला. कोट झाला की फेकायचा म्हणून ठेवला होता. आबा खुर्चीत. मी इस्त्री फिरवायला लागले आणि त्यांची मूठ सुरू झाली. पुढे-मागे, पुढे-मागे. मी म्हटलं, ‘पुसते हं आबा, एवढं होऊ द्या.’

तर आबा उठले! कुणी हात न देता, टेबलाला धरून. माझ्या हातातली इस्त्री घेतली. मी घाबरले, म्हटलं भाजून घेतील, ओढायला लागले. ‘नको!’ म्हणाले, असं खणखणीत की मी सोडूनच दिली. आधी तिच्यातलं वाफेचं पाणी ओतून टाकलं, सरळ फरशीवर. मग बटण बंद केलं. ह्यांचा सुती रुमाल पसरला, त्यावर पानं एकेक करून मांडली, वर दुसरा रुमाल. आणि थांबले. इस्त्री उचलून गालाजवळ नेली, ऊब बघितली, मान हलवली, पुन्हा थांबले. पुन्हा गालाजवळ. मग हलकेच टेकवली. पुढे-मागे. पुढे-मागे.

तीच मूठ, ताई! मी महिनाभर टेबल पुसत होते!

मनगट थरथरायला लागलं तेव्हा मी त्यांच्या हातावर हात ठेवला. दोघांनी मिळून फिरवली. आणि वास सुटला. तुमच्या घरचा वास, जिना चढताना यायचा तो. रुमाल उचलला तर खाली हिरवीगार पानं, कुरकुरीत, आणि रुमालावर पानापानाचा हिरवा ठसा. तुम्ही सोड्यात उकळलेली ती फडकी आठवली.

मी विचारलं, ‘आबा, दर वेळी? ताई पाला पसरून गेल्या की?’ मान हलवली. ‘काम संपल्यावर, इस्त्री गार होता होता?’ पुन्हा हो. ‘ताईंना माहीत आहे?’ तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि हसले. चेहरा अर्धाच हसतो हल्ली, पण पुरेसं झालं.

मीठ, मिरी, लिंबाची साल घालून चुरा केला. बटाटा संपवला. दुसरा मागितला. आज सकाळी दोन अंडी, दुपारी वाटीभर सूप.

त्यांनी बोट ओठांवर ठेवलं होतं, तरी मी तुम्हाला सांगतेय, कारण तुमच्या हाताचं काही गेलं असं समजून तुम्ही त्या खोलीत खेटे घालताय ते मला सहन होत नाही. आणि त्या पत्राबद्दल काय बोलू? कान धरलेत. दिसत नसतील, पण धरलेत.

धाकटी

---

१५ नोव्हेंबर

धाकटे,

कान सोड. खोटं कशाला बोलू, तुझं पत्र वाचून मला आधी आनंद झालाच नाही. संताप आला.

इतकी वर्षं! मी मान वर करून बरण्या वाटल्या, बायकांना ‘हाताचा गुण लागतो’ म्हणून शिकवलं, आणि हा माणूस कोपऱ्यात काजं करत बसलेला, हूं नाही की चूं नाही. सांगितलं असतं तर काय शिवण उसवणार होती? घरभर फेऱ्या मारल्या. ह्यांच्यावर ओरडले. हे बिचारे म्हणाले, ‘मी काय केलं?’ मी म्हटलं, ‘तुमच्या वडलांनी केलंय!’ माझं एवढं एक होतं गं. तेही माझं नव्हतं.

मग शिवणाच्या खोलीत गेले. दार ढकललं तर पायाला इस्त्री लागली. काखेत कळसा आणि गावाला वळसा! सहा आठवडे मी पाला वाळत नाही म्हणून रडत होते आणि रोज हिच्यावरून पाय टाकून आत जात होते. तिथेच जमिनीवर बसले. बऱ्याच दिवसांनी बसले, उठावंसं वाटलं नाही.

बसल्या बसल्या ती पहिली वेळ आठवली. काळी पडणारी पानं, आणि मी टेबलापाशी रडतेय. ह्या घरात येऊन मला किती दिवस झाले होते! सगळ्या मला ‘नवी’ म्हणायच्या, कुठे बसावं तेही मला कळायचं नाही. सासूबाईंची जीभ तुला ठाऊक नाही, तू आलीस तेव्हा त्या निवल्या होत्या. तो चुरा फसला असता तर जन्मभर ऐकवलं असतं. आबांनी बघितलं सगळं. ‘जा. सकाळी बघू.’ आणि सकाळी माझ्या हाताला यश आलं. त्या दिवसानंतर मला कुणी ‘नवी’ म्हटलं नाही.

एकदा केलं असतं तर उपकार झाले असते. दर वेळी केलं, आणि वर मलाच शाबासकी दिली. फडक्यांवरून माझ्या शिव्या खाल्ल्या. एकदा जरी म्हणाले असते, ‘अगं, हे डाग तुझ्याचमुळे!’ ‘हं’ म्हणायचे. तो हं काय होता ते मला आज कळलं, आणि रडू आवरेना.

उठले आणि इस्त्री टेबलावर नेली. पहिला पाला जळला. दुसऱ्या वेळी ऊब बघायला गालाजवळ नेली तर भुवईचे केस करपले, हे अजून हसतायत. तिसऱ्या वेळी वास आला. अगदी त्यांच्यासारखा नाही, पण आला. पांढरीशुभ्र फडकी पुन्हा हिरवी झाली, झाली तर झाली.

पुडी सोबत आहे. एक कर. मला कळलंय हे आबांना सांगू नकोस. ओठांवर बोट ठेवलंय त्यांनी, ते तिथेच राहू दे. इतकी वर्षं त्यांनी माझी झाकली, आता मी त्यांची झाकते. नुसती पुडी पुढे ठेव आणि म्हण, ‘ताईंनी पाठवलाय, नेहमीसारखा.’ काय म्हणतात ते कळव. माझा जीव टांगणीला आहे. आणि काल तपासणी झाली असेल, त्याचंही लिही. आधी त्याचं लिही.

थोरली

---

२२ नोव्हेंबर

ताई,

आधी तपासणीचं. वजन थोडं का होईना, चढलंय. नळीचं नाव डॉक्टरांनी काढलं नाही. आबांनीच नाकाकडे बोट करून ‘नको?’ असं विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, ‘नको.’

आता पुडीचं. शपथ घेऊन सांगते, मी अवाक्षर बोलले नाही. तुम्ही शिकवलंत तसंच म्हटलं, ‘ताईंनी पाठवलाय, नेहमीसारखा.’

आबांनी चिमूट तळहातावर घेतली. अंगठ्याने चोळली. वास घेतला. पुन्हा घेतला. मी उगीच टेबल पुसायला लागले, कारण माझं तोंड माझ्या ताब्यात नव्हतं. चिमूट जिभेवर ठेवली आणि डोळे मिटून बसले, इतका वेळ की मला वाटलं, झालं, हाही चुरा गेला. मग हसायला लागले. आवाज काढून, ताई! झटक्यानंतर पहिल्यांदा. डोळ्यांतून पाणी, एका बाजूने लाळ, आणि हसतायत.

मी म्हटलं, ‘काय झालं आबा? चांगला नाही का?’

त्यांनी माझा हात धरला, मूठ वळायला लावली, टेबलावर टेकवली. पुढे नेली, मागे आणली, आणि पटकन वर उचलली. पुन्हा टेकवली, पुन्हा उचलली. मला कळेना. मग माझी मूठ माझ्याच गालाजवळ नेली आणि धरून ठेवली. थांब, थांब, अजून थांब, असं करत.

‘गार,’ म्हणाले. मग बराच वेळ तोंड हलवत राहिले, शब्द जुळवत. 

‘थोरलीला... सांग. अजून... गार.’

सांगितलं, ताई. चुरा त्यांनी सगळा संपवला. पुढचा इथे येऊन करा, बसायला त्यांनी शेजारची खुर्ची ओढून ठेवलीय.

धाकटी